आधी वैमानिक, मग कलेक्टर: वयाचं गणित

राजेश पायलट हवाई दल सोडून १९८० मध्ये भरतपूरचे खासदार झाले, तसं कोल्हापूरच्या पोरांनीही आधी विमान उडवावं आणि मग यूपीएससी देऊन कलेक्टर व्हावं, असा सल्ला काही जण देतात. निवडणुकीचं ठीक आहे. राजीनामा मंजूर झाला की वयाची अट आड येत नाही. परीक्षेचं गणित मात्र कठीण आहे.

अ‍ॅफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेतून, फ्लाइंग (वैमानिक) शाखेत जाताना वय २० ते २४ लागतं. दुंडिगलच्या हवाई दल अकादमीतलं प्रशिक्षण साधारण दीड वर्षाचं, पुढे शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठराविक मुदतीच्या नोकरीची, १४ वर्षं. म्हणजे अगदी लवकर निघालेलाही छत्तिशीच्या आसपास बाहेर पडतो. यूपीएससीला खुल्या गटात मर्यादा ३२, माजी सैनिक म्हणून ५ वर्षांची सवलत धरून ३७. हातात एखादाच प्रयत्न उरतो, आणि चोविशीत गेलेल्याला तोही नाही. शिवाय सवलत मुदत पूर्ण करून सुटलेल्यांना आहे. स्वखुशीने मधेच राजीनामा देणाऱ्याने ती गृहीत धरू नये. ग्राउंड ड्यूटीची, म्हणजे विमान न उडवता जमिनीवरच्या कामांची, मुदत १० वर्षांची, तिथे हिशेब बराच सोपा जातो. पोराला क्लास लावण्याआधी घरच्यांनी हे आकडे कागदावर मांडून बघावेतच.