आठ पाहुण्यांत तीन सुझुकी: हे आडनाव आलं कुठून आणि इतकं जास्त का?

मालव्याचा_मुक्काम (इंदूर)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पीथमपूरच्या कारखान्यात जपानहून आठ जणांचा चमू येतोय. यादीत तीन सुझुकी, दोन सातो, उरलेले तानाका, इतो आणि वातानाबे.

तीन सुझुकी म्हणजे भाऊबंद असतील का? गाडीवाल्या सुझुकींशी काही नातं? 'सुझुकी म्हणजे घंटेचं झाड' असं एके ठिकाणी वाचलं, ते कितपत खरं? शिवाय टेबलावर ठेवायच्या नावाच्या पाट्या माझ्याकडे आल्यात. तीन ओळी हव्यात: देवनागरी, रोमन, जपानी. इथे हिंदीत सुजुकी लिहितात, मराठीत सुझुकी. पाटीवर काय घालू? फ्लेक्सवाला म्हणतो, जपानी अक्षरं नेटवरून उचलून देतो. तेवढ्यावर भागेल?

कोशकीडा

भाऊबंद असण्याची शक्यता फार थोडी. दोन कुलकर्णी एका टेबलाशी भेटले तर आपण 'मूळचे कुठले' असं विचारतो, 'सख्खे की चुलत' असं नाही. तसंच हे.

जपानमध्ये सातो पहिल्या क्रमांकावर आणि सुझुकी दुसऱ्या. दोन्ही १८ लाखांच्या आगेमागे, म्हणजे दर शंभर माणसांत साधारण दीड सातो आणि दीड सुझुकी. या हिशेबानं आठांत तीन सुझुकी येणं अवघड आहे. पण आडनावं देशभर सारखी पसरलेली नाहीत. सातो ईशान्येला दाट, आकिता आणि यामागाता भागात विशेष. पश्चिमेला तानाका आणि यामामोतो. सुझुकींची गर्दी मधल्या पट्ट्यात: शिझुओका, आइची, तोक्यो, कानागावा. तुमचा चमू हामामात्सु किंवा नागोया भागातल्या कारखान्यातून येत असेल तर तीन सुझुकी मुळीच नवल नाही. यादीत शहर दिलं असेल तर बघा.

आता 'घंटेचं झाड'. अक्षरं तीच आहेत, पहिलं घंटेचं, दुसरं झाडाचं. पण ती उच्चारासाठी नंतर जोडलेली, शुभ दिसणारी अक्षरं. अर्थ त्यांत शोधला की फसगत होते. मूळ नाव म्हणून जे सगळ्यात जास्त मांडलं जातं ते शेतातलं आहे. कीई द्वीपकल्पात, आजच्या वाकायामा प्रांतात, कुमानो नावाचं मोठं तीर्थक्षेत्र आहे: होंगू, शिंगू आणि नाची अशी तीन देवस्थानं. त्या मुलखाच्या बोलीत भाताच्या कापणीनंतर पेंढ्यांची जी गंजी रचतात तिला 'सुसुकी' किंवा 'सुझुकी' म्हणत. गंजीच्या मधोमध खांब रोवलेला असे आणि त्यावरून भाताचा देव खाली उतरतो अशी समजूत. तिथल्या होझुमी घराण्याच्या नावाचा अर्थही हाच: 'हो' म्हणजे कणीस, 'त्सुमी' म्हणजे रास. होझुमींच्याच एका शाखेनं सुझुकी हे नाव घेतलं. कुमानोच्या तीन मानाच्या घराण्यांत उइ आणि एनोमोतो यांच्या जोडीला सुझुकी येतात. पुष्कळ सुझुकी घरांच्या कुलचिन्हात भाताच्या लोंब्या असतात, घंटा नव्हे.

मग वाकायामातलं नाव दूर पूर्वेला कसं गेलं? देवस्थानामुळे. कुमानोला इतके यात्रेकरू जात की 'कुमानोला निघालेल्या मुंग्यांची रांग' हा जपानीत वाक्प्रचारच झाला. त्यांना आणणारे, उतरवून घेणारे, पूजा सांगणारे लोक होते. आपल्याकडचे तीर्थोपाध्ये समजा. हे लोक समुद्रमार्गे पूर्वेच्या गावोगाव जात, कुमानोची देवळं उभारत आणि तिथेच स्थिरावत. कुमानोच्या देवांची देवळं आज देशभर ३,००० च्या वर आहेत. त्यांच्याबरोबर सुझुकी हे नावही गेलं.

मुख्य घराणं बाराव्या शतकाच्या सुमारास फुजिशिरोला आलं, आजच्या काइनान शहरात. कुमानोच्या वाटेवरच्या मोठ्या ठाण्यांपैकी हे एक. या घरातला सुझुकी साबुरो शिगेइए हा मिनामोतो योशित्सुने या योद्ध्याच्या बाजूनं लढत ११८९ मध्ये कोरोमोगावाला पडला. घराण्याची थेट गादी १९४२ मध्ये खुंटली. 'सुझुकी वाडा' मात्र फुजिशिरो देवळाच्या आवारात उभा आहे, आणि देशभरचे सुझुकी आपलं मूळ ठाणं म्हणून तो बघायला जातात.

दुसरी मोठी ढकल राजकारणाची. एक शाखा मिकावात, म्हणजे आजच्या आइचीच्या पूर्व भागात रुजली आणि तोकुगावा या सरदार घराण्याच्या चाकरीत गेली. १५९० मध्ये तोकुगावा इएयासू एदोला, म्हणजे आताच्या तोक्योला गेला, तेव्हा सरदार, शिलेदार, त्यांचे आश्रित असा सगळा लवाजमा मागे गेला. तोक्योच्या आसपासच्या सुझुकींत या लवाजम्याचा वाटा आहे.

खळ्यातला_तिवडा

वरची गंजी वाचून खळं आठवलं. आपल्याकडेही मळणीच्या खळ्यात मधोमध तिवडा रोवतात, बैल त्याभोवती फिरतात आणि आधी त्याची पूजा होते. सुझुकींचा खांब याच जातीचा. पेंढ्याच्या ढिगाला आपल्या बोलींत गंजी, सुडी, उडवी अशी किती नावं आहेत; त्यांतलं एखादं आडनाव होऊन देशभर पसरावं, तसा प्रकार.

आणि एक गंमत. आज वाकायामात सर्वाधिक आडनाव सुझुकी नाही, यामामोतो आहे. नावाचं जन्मगाव एकीकडे, वस्ती दुसरीकडे. इंदुरात बसून याचं नवल वाटू नये. होळकरांचं होळ गाव तिकडे पुण्याकडे, पण होळकर म्हटलं की लोक राजवाड्याकडे बोट दाखवतात.

शंकासूर

कोशकीडाजी, पण १८७० च्या आधी सामान्य जपान्यांना आडनावं नव्हतीच, आणि सम्राट मेइजीच्या नव्या सरकारनं सक्ती केल्यावर जो तो शेजारच्या डोंगराचं नाहीतर झाडाचं नाव लावून मोकळा झाला, असं ऐकलंय. मग हे कुमानो प्रकरण निम्म्याहून जास्त सुझुकींना लागू होणार नाही.

कोशकीडा

तारीख बरोबर, निष्कर्ष अर्धाच बरोबर. १८७० मध्ये सामान्यांना आडनाव लावायची परवानगी मिळाली, १८७२ मध्ये देशभरची कुटुंबनोंदवही झाली आणि १८७५ मध्ये आडनाव सक्तीचं झालं. लष्कराला भरतीसाठी माणसं नीट ओळखता यायला हवी होती. पण त्याआधी बंदी होती ती बहुतेकांना सरकारदरबारी आडनाव लावण्यावर. गावात, देवळाच्या देणगीपत्रांत, थडग्यांवर शेतकऱ्यांची आडनावं दिसतात. म्हणजे पुष्कळांनी नवं नाव केलं नाही, घरात होतं ते उघड केलं. काहींनी गावच्या प्रमुखाचं किंवा जमीनदाराचं नाव घेतलं, काहींनी खरंच नवं रचलं.

तेव्हा तुमची शंका इतपत खरी: 'सुझुकी' या नावाचा उगम कुमानो, पण समोरच्या सुझुकीच्या रक्ताचा उगम कुमानो असेलच असं नाही. नाव आणि वंश या दोन वेगळ्या चौकश्या आहेत, आणि अशा चर्चा बहुतेक वेळा इथेच घसरतात.

त्यात दत्तकाची भर घाला. जपानमध्ये जावयाला दत्तक घेऊन त्याला घराचं नाव देण्याची जुनी रीत आहे. गाडीच्या कंपनीचा मूळ पुरुष सुझुकी मिचिओ. त्यानं १९०९ मध्ये हामामात्सुत मागांचा कारखाना काढला. पण भारतात जे नाव घराघरांत गेलं ते कंपनीचे दीर्घकाळचे प्रमुख ओसामू सुझुकी यांचं, आणि ते जन्मानं मात्सुदा. १९५८ मध्ये सुझुकींच्या घरात लग्न करून सुझुकी झाले. पाहुण्यांना 'तुम्ही त्यांतले का' विचारलंत तर ते हसून 'नाही' म्हणतील. रोज ऐकतात.

आकड्यांबद्दलही सांगून ठेवतो, कारण नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसेल. जपान सरकार आडनावांची मोजदाद प्रसिद्ध करत नाही. जे आकडे फिरतात ते टेलिफोन डिरेक्टरीवरून नाहीतर विमा कंपनीच्या ग्राहकयादीवरून काढलेले. डिरेक्टरीत घराला एक नोंद, तीही सहसा घरच्या कर्त्याची. म्हणून तो आकडा कुटुंबांचा, माणसांचा नव्हे. 'सुझुकी दवाखाना', 'सुझुकी सायकल मार्ट' असल्या दुकानांच्या नोंदी वगळल्या नाहीत तर आकडा फुगतो. आणि घरचा फोन ज्यांनी काढूनच टाकला ती तरुण मंडळी, विशेषतः मोठ्या शहरांतली, त्यात येतच नाहीत. म्हणून क्रमवारीवर विश्वास ठेवा, शेवटच्या हजारांवर नको.

छापखाना_नंदलालपुरा

पाट्यांबद्दल मी सांगतो.

देवनागरीत सुझुकी ठेवा. काटेकोर बोलायचं तर जपानी उच्चार आपल्या 'जावई'तल्या ज च्या जवळचा आहे, 'झाड'मधल्या झ इतका हकार त्यात नाही. पण मराठी वाचकाच्या डोळ्याला सुझुकी सवयीचं, आणि सुजुकी लिहिलं की लोक 'जीवन'चा ज लावून वाचतात. हिंदी पाटी करायची असेल तर ज खाली नुक्ता द्या. खरी चूक दुसरीकडे होते: इंग्रजीतून उतरवताना त चा ट होतो. साटो, टनाका, वाटानाबे हे सगळं चूक. जपानी त दंत्य आहे, अगदी आपल्या ताकातला: सातो, तानाका, वातानाबे, इतो. 'इटो' लिहू नका.

नावाचा क्रम तपासा. जपानीत आडनाव आधी. रोमन लिपीत पूर्वी उलटं लिहीत, पण जानेवारी २०२० पासून जपानी सरकारची कागदपत्रं इंग्रजीतही आडनाव आधी लिहितात. खाजगी कंपन्यांत दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे यादीवरून नक्की कळत नाही. रोमनमध्ये आडनाव सगळं मोठ्या अक्षरांत घातलं की प्रश्न मिटतो. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, तिथे आडनाव ठळक करा.

जपानी ओळ नेटवरून उचलून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. सुझुकीचं पहिलं अक्षर १३ रेघांचं: डावीकडे धातूचा भाग ८ रेघांचा, उजवीकडे ५ रेघांचा. दुसरं अक्षर झाडाचं, ४ रेघांचं, त्यात सहसा घोळ होत नाही. पहिल्यात दोन अपघात ठरलेले. एक, चिनी पानावरून उचललं तर डावा भाग आखूड चिनी रूपात येतो, मोजून ५ रेघांचा. ती उघड चूक, पाटी परत करावी लागते. दोन, अक्षर बरोबर पण फॉन्ट चिनी, तर उजव्या भागाचं खालचं टोक वेगळं दिसतं. जपानी छपाईत तिथे उभा दांडा असतो, चिनी फॉन्टमध्ये तिरपा ठिपका. फाईलची भाषा जपानी ठेवा आणि नोटो सान्स या फॉन्टचा जपानी संच वापरा. अक्षरं चित्र म्हणून चिकटवू नका, छापताना कडा फाटतात.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. पाहुण्यानं हातानं सही करताना उजव्या भागाखाली ठिपक्याचं रूप लिहिलं तर ती चूक समजून 'दुरुस्त' करू नका. हस्ताक्षरात ते चालतं. २०१९ मध्ये नवं राजयुग रेइवा सुरू झालं, त्याच्या नावातही हाच भाग आहे आणि तिथेही दोन्ही रूपं मान्य आहेत.

पाटीवर 'श्री.' आणि 'सान' (जपानी 'श्री.'च) दोन्ही नकोत, एकच. आठांपैकी प्रत्येकाकडून नावाचं जपानी रूप ईमेलनं मागवा. वातानाबेच्या बाबतीत तर हे आवश्यकच. त्याचं शेवटचं अक्षर इतक्या रूपांत लिहितात की अंदाजानं बरोबर येणं जवळपास अशक्य.

मालव्याचा_मुक्काम (इंदूर)

फार उपयोग झाला. ईमेल टाकली, उत्तरं आली. वातानाबेंचं अक्षर यादीतल्यापेक्षा खरंच वेगळं निघालं! आता अडचण अशी: तीन सुझुकींपैकी दोघांचं पहिलं नाव 'के'वरून सुरू होतं. यादीत नुसतं 'सुझुकी के.' आहे.

छापखाना_नंदलालपुरा

पूर्ण नाव घाला, आद्याक्षर नको. त्याखाली बारीक अक्षरात खातं: वेल्डिंग, गुणवत्ता, खरेदी, जे असेल ते. त्यांच्याकडेही 'खरेदीतले सुझुकी-सान' असंच म्हणतात. आडनाव सोडून नुसतं पहिलं नाव पाटीवर घालायचं असेल तर आधी विचारा, कामाच्या ठिकाणी ते फार सलगीचं वाटतं. बेसबॉलवाल्या इचिरोची गोष्ट वेगळी. १९९४ मध्ये ओरिक्स संघाच्या जर्सीवर 'सुझुकी' काढून 'इचिरो' छापलं ते मुद्दाम, हजार सुझुकींत उठून दिसावा म्हणून.

मालव्याचा_मुक्काम (इंदूर)

आणि कोशकीडाजी, शहरंही कळली. दोन सुझुकी हामामात्सुचे, तिसरे तोयोता शहराचे.

कोशकीडा

तोयोता म्हणजे जुनं मिकावाच. त्या शहराच्या हद्दीत आता आसुके येतं. तिथला डोंगरी किल्ला सोळाव्या शतकात सुझुकींकडे होता, १५९० ला इएयासूच्या मागे जाताना त्यांनी तो सोडला. चहाच्या वेळी 'आसुके बघितलंय का' एवढं विचारा, बाकीचं ते स्वतःच सांगतील.