मदत हवी आहे: जीप चेरोकीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर, कोणता आणि कसा?

मंडळी, गाडी १९९९ ची जीप चेरोकी, म्हणजे एक्सजे. ४.० लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आणि एडब्ल्यू४ ऑटोमॅटिक. मुक्काम अमेरिकेत, डेन्व्हरला.

जुलैत युटामधल्या मोआबला गेलो होतो. फिन्स अँड थिंग्ज नावाच्या ऑफ-रोड वाटेच्या वाळूत आणि नंतर खडकाच्या चढांवर तासभर रांगत रांगत गेलो. बाहेर १०० फॅरनहाइट. एका चढाच्या डोक्यावर थांबलो तर बॉनेटखालून निळसर धूर. वाकून बघतो तर लाल तेलाचे थेंब एक्झॉस्टवर टपकतायत. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली, तर नळीच्या तोंडाशी तेल बुडबुडत होतं. बायको म्हणाली, अनारसा फुटल्यावर तूप करपतं ना, तस्सा वास येतोय. इंजिनाचं तापमान मात्र ठीक होतं, काटा मधोमध.

दीड तास थांबून, तेल घालून, कसेबसे परत आलो. तेल आता लाल नाही, उकळलेल्या चहासारखं दिसतंय. इथल्या एका गॅरेजवाल्याने डिपस्टिकसुद्धा न बघता नवा गिअरबॉक्स टाकायचा भाव सांगितला. गिअर अजून मऊ पडतात, घसरत नाहीत, त्यामुळे तो बदलायला माझा जीव होत नाही.

कूलर लावायचं ठरवलंय, पण माहिती वाचून डोकं फिरलं. नळी आणि तिच्यावरच्या पातळ पत्र्याच्या पंखांचा साधा घ्यावा की एकावर एक पत्रे रचलेला प्लेटचा? रेडिएटरच्या पोटातला मूळ कूलर ठेवावा की काढून टाकावा? आमच्याकडे जानेवारीत शून्याखाली जातं, म्हणून विचारतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
कूलर राहू द्या, आधी दोन गोष्टी सांगा. त्या चढावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) कशात होती? आणि टायर कितीचे?

धागाकर्ता
४-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं पण नेहमीच्या वेगाची. लाजत सांगतो, ४-लोला (हळू, जास्त ओढीच्या गिअरला) लिव्हर जातच नाही, अर्ध्यावर अडकतो. टायर ३१ इंची, डिफरन्शियलचे (अ‍ॅक्सलवरचे) गिअर मूळचे ३.५५.

प्रतिसाद १
वाटलंच. उष्णता तयार होते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात. गाडी रांगते तेव्हा लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडणारा क्लच) लागत नाही, कन्व्हर्टर नुसता तेल घुसळत बसतो आणि इंजिनाची ताकद तेलात जिरते. इंजिनाचा काटा मधोमध का होता, ते आता कळलं ना? ४-लोमध्ये २.७२ पट गुणाकार मिळतो, तेवढीच घुसळण कमी. वर मोठे टायर आणि ३.५५, म्हणजे गाडी कायम वरच्या गिअरमध्ये ओढल्यासारखी. लिव्हरच्या जोडदांडीतला बुश (लिंकेज बुश) झिजला असेल, या गाडीचं ते जुनं दुखणं आहे. आधी तो बघा. कूलर लावून ४-हायमध्येच रांगलात तर आजार तसाच राहील, फक्त ताप जरा उतरेल.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण कूलर लावाच. प्लेटचाच घ्या. त्यातून तेल सहज वाहतं, आणि काहींमध्ये आतच बायपास असतो, म्हणजे थंडीत घट्ट झालेलं तेल कूलर टाळून पुढे जातं. टोइंगसाठी मिळतो तो मध्यम आकार पुरेल, लोखंडी दरवाजाएवढा नको.

डेन्व्हरला रेडिएटरमधला मूळ कूलर काढू नका. क्रम असा ठेवा: गिअरबॉक्समधून तेल आधी रेडिएटरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, मग परत. हिवाळ्यात रेडिएटरच तेल गरम करून देतो. उलटा क्रम लावलात तर कूलरने थंड केलेलं तेल रेडिएटर पुन्हा तापवेल. अपवाद एकच: रेडिएटर मूळचा, पंचवीस वर्षांचा असेल तर आधी तो बदला. आतली नळी फुटली की कूलंट आणि तेल एकत्र होऊन गुलाबी लस्सी होते, आणि मग गिअरबॉक्स खरंच जातो.

कोणती नळी परतीची हे अंदाजाने ठरवू नका. एक सोडा, बाटलीत धरा, मदतनीसाला दोन सेकंद इंजिन चालू करायला सांगा. होज ट्रान्समिशन तेलाचाच आणा, पेट्रोलचा चालत नाही. बार्बवर (कूलरच्या खाचेदार तोंडावर) पूर्ण चढवा आणि बऱ्या प्रतीचे क्लॅम्प लावा, कापणारे नकोत. कूलरच्या नळ्यांची तोंडं वर किंवा बाजूला, खाली कधीच नाही, हवा अडकते.

प्रतिसाद ३
पाकिटात येणारे प्लास्टिकचे टाय फेकून द्या! ते कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) पंखांतून आरपार घालायचे असतात. माझ्या गाडीत हादऱ्यांनी कूलरने कंडेन्सर घासून भोक पाडलं, एसीचा गॅस गेला. दोन पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या सपोर्टला बोल्ट मारा, मध्ये बोटभर फट ठेवा. आणि तापमानाचा गेज लावाच, सेन्सर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या गरम नळीत, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा दिसेल.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. दोष लिंकेजच्या बुशचाच निघाला, दहा मिनिटांचं काम, आता ४-लो खटकन पडतो. पॅन काढून एकदा तेल बदललं, पण त्यात निम्मंच निघतं, म्हणून आठवड्याने पुन्हा. डेक्सरॉन-मेरकॉन प्रकारचंच तेल घातलं, एटीएफ+४ प्रकारचं नाही. पॅनमध्ये चिखलासारखी काळी भुकटी होती, धातूचे तुकडे नव्हते.

कूलर कंडेन्सरच्या पुढे, इलेक्ट्रिक पंख्याच्या बाजूला लावला. डेन्व्हरच्या पश्चिमेच्या आयसेनहॉवर बोगद्याच्या चढावर गेज १९० फॅरनहाइटच्या आसपास. ट्रेलवर ४-लोमध्ये रांगताना २१० पर्यंत जाऊन तिथेच थांबला.

एकच शंका उरली. रांगताना समोरून वारा नसतो आणि इलेक्ट्रिक पंखा उशिरा सुरू होतो. एसी लावला की पंखा फिरतो, तेव्हा आकडा दहा-पंधराने उतरला. उन्हाळ्यात मी हेच करत राहू, की पंख्याला वेगळा स्विच टाकू? कोणी टाकला असेल तर वायर कुठून घेतली ते सांगा.