पिस्टन जड नको, हलकाच बरा
दाताची कॅप काढायच्या हवेवरच्या हातोडीत आतला ठोका देणारा पिस्टन जड केला की ठोका जोरात बसेल, असं कुणीतरी सुचवलंय. बसेल हो, पण पेशंटचा जबडाही हलेल! कॅप चिकटवणारं सिमेंट तडकायला क्षणभराचा तीक्ष्ण ठोका पुरतो. ऊर्जा तेवढीच ठेवून पिस्टनचं वजन पाव केलं, तर वेग दुप्पट होतो आणि संवेग (वजन गुणिले वेग) निम्मा. म्हणजे दाताच्या मुळाला हिसका कमी. दात कोरायच्या हवेवरच्या ड्रिलच्या, म्हणजे टर्बाइनच्या, नळीत साधारण ३०-४० पीएसआय दाब असतोच, तेवढ्यात भागवा. वापरलेली हवा मात्र मागच्या बाजूने, नळीकडूनच बाहेर काढा. तोंडात सोडलीत तर हिरडीखाली शिरून गाल फुगू शकतो. सरकत्या वजनाची जुनी हातोडी माझ्या दाढेने सोसलीय. दर ठोक्याला मान पुढे यायची.