पाकळ्या पाच की दहा? कुंडीतील पांढऱ्या रानफुलाची ओळख

प्रश्न: कोथरूडच्या आमच्या गच्चीवर, रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत, समोरासमोर टोकदार पाने आणि दहा पाकळ्यांची चिमुकली पांढरी फुले असलेले एक नाजूक तण वाढले आहे. ते कोणते असावे?

उत्तर १: पाकळ्या पाचच असाव्यात, प्रत्येक पाकळी जवळजवळ बुडापर्यंत दुभंगलेली असल्यामुळे त्या दहा भासतात. खोड भिंगाखाली पाहावे: केसांची एकच उभी ओळ असून ती प्रत्येक पेराशी बाजू बदलत असेल, तर ही कार्नेशनच्याच कुळातील, मूळची युरोपकडची स्टेलारिया मीडिया होय.

उत्तर २: ड्रायमेरिया कॉर्डाटाही याच कुळातील आहे, परंतु तिची पाने गोलसर असतात आणि फुलांचे चिकट देठ कपड्यांना धरतात.

प्रश्नकर्ता: ओळ स्पष्ट दिसली, आणि तीही पेरापेराशी वळणारी! मनःपूर्वक आभार.