अनुभव धागा : कलेमुळे सावरलेली वस्ती पाहिलीय का?

धागाकर्ता, जळगाव
आमच्याकडे एका वस्तीत समाजमंदिर आहे. सध्या त्यात मंडपाचे बांबू आणि खुर्च्या पडून असतात. संध्याकाळी तिथे पोरांसाठी नाटक, गाणं, डफ असं काही सुरू करायचं चाललंय. अशी जागा प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी लिहा. "प्रेरणादायी" म्हणून सटकू नका, काय चालतं आणि कुठे अडतं ते सांगा.

अमळनेरकर, सध्या फिलाडेल्फिया
इथल्या नॉर्थ फिलाडेल्फियात 'व्हिलेज ऑफ आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज' आहे. कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली, पाडलेल्या घरांच्या जागी कचरा साठला, असा तो भाग. १९८६ मध्ये आर्थर हॉल या नर्तकाने आपल्या केंद्राशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बाग करायला लिली ये यांना बोलावलं. बाई चीनमध्ये जन्मलेल्या, तैवानमध्ये वाढलेल्या, कलेच्या प्राध्यापिका. वस्ती कृष्णवर्णीयांची. मदतीला आधी पोरं आली, मोठी माणसं हळूहळू. जेम्स मॅक्सटन, ज्यांना सगळे 'बिग मॅन' म्हणत, ते व्यसनातून बाहेर येऊन मोझॅक शिकले आणि पुढे तेच इतरांना शिकवू लागले.

फरशांच्या तुकड्यांचे देवदूत असलेली ती गल्ली बघताना मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लिली ये २००४ मध्ये बाहेर पडल्या, तरी केंद्र चालूच आहे. आपल्याकडे 'सर' गेले की कुलूप! बाकी गरिबी तिथून हटलेली नाही, हेही लिहितो.

भुसावळकर, मुंबईत नोकरी
घाटकोपरची असल्फा झोपडपट्टी. २०१७ च्या शेवटी 'चल रंग दे'च्या स्वयंसेवकांनी टेकडीवरची घरं रंगवली. मेट्रोतून झकास दिसते. एका रविवारी वर चढून गेलो, तर एक मावशी म्हणाल्या, "फोटो काढायला खूप जण येतात, पाण्याचं काय ते विचारा." मी मुकाट खाली उतरलो.

धुळेकर, मुक्काम सुरत (लिंबायत)
भाऊ, नुसता रंग लाईसन पोट भरस का?

नंदुरबारकर
पोट भरत नाही, पण मान ताठ होते. अहमदाबादचं छारानगर बघून आल्यावर हे लिहितोय. छारा म्हणजे १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. १९५२ मध्ये शिक्का पुसला, पण कागदावरच. १९९८ मध्ये पश्चिम बंगालात अशाच शिक्का बसलेल्या सबर जमातीचा बुधन सबर पोलीस कोठडीत मारला गेला. लेखिका महाश्वेतादेवी आणि भाषाभ्यासक गणेश देवी तेव्हा विमुक्तांसाठी, म्हणजे अशा जमातींसाठी, झटत होते. त्यांच्या प्रयत्नांतून छारानगरात वाचनालय उघडलं आणि तिथल्याच पोरांनी बुधनवर नाटक बसवलं. तेच बुधन थिएटर.

रंगमंच वगैरे काही लागत नाही. गल्लीत गोल करून उभे राहतात आणि सुरू. मी पाहिलं तेव्हा पोलिसाचं काम करणारा मुलगा इतका खरा ओरडला की पुढची बारकी पोरं मागे सरकली. अर्थात, त्या गल्लीत हा आवाज शिकायला शाळा लागत नाही. दारूच्या भट्ट्या अजून आहेत, 'छारा' म्हटलं की नोकरी नाकारणारेही आहेत. पण वाचनालयात बसलेल्या पोरी आपल्या जमातीचा इतिहास तारखेसकट सांगतात. एकीने मलाच विचारलं, "तुमच्याकडच्या कंजारभाटांचं (छारांचेच महाराष्ट्रातले भाऊबंद) कसं चाललंय?" मला दोन वाक्यांपुढे काही सांगता येईना.

आणि एक. नाटकातली माणसं तिथलीच, विषयही तिथलाच. बाहेरून 'संस्कार' करायला गेलात तर आठवड्यात पोरं पांगतील.

चाळीसगावकर
आमच्या स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस घराबाहेर फारसा पडला नाही. टेबलावर वस्तू मांडून काढलेले त्यांचे 'टेबलटॉप' फोटो अप्रतिम! पण गावाला ते कळायला फार उशीर झाला. मोठा कलावंत असला म्हणजे शेजार आपोआप बदलतो असं नाही, म्हणून लिहिलं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. नंदुरबारकर, पटलं. वस्तीतले एक आजोबा वहीगायन (डफावरची आपली खानदेशी लोकगाणी) करायचे, डफ अजून आहे त्यांच्याकडे. सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. समाजमंदिराची किल्ली मात्र मंडपवाल्याकडे आहे आणि लग्नसराई संपल्याशिवाय तो ती देत नाही म्हणतो. कुणाची ओळख असेल तर कळवा.