सुपरहिरो आरपीजी लिहून खेळवताना फाइट संपतच नाही

चॅम्पियन्स नावाचा रोल-प्लेइंग गेम चालवतोय, सगळे सवडीने लिहून आपली चाल टाकतात, पण फाइटच्या एका टर्नचे 12 सेगमेंट (तुकडे), त्यात स्पीड 6 वाला सहादा खेळतो आणि 3 वाला तीनदा, एकजण लग्नाला गेला की सगळं ठप्प. काय करू?

फासेवाला: सेगमेंट सोड रे. हिरो हव्या त्या क्रमाने लिहूदेत, मग व्हिलनची एकच पोस्ट. कॅरेक्टर बनवताना स्पीडला पॉइंट मोजलेत त्यांनी, तेवढ्या ॲक्शन मात्र दे नाहीतर भांडतील

उडता_बोका: व्हिलनचा डीसीव्ही (वार चुकवायचा आकडा) आधीच सांगून टाक. 11 अधिक ओसीव्ही (वार करणाऱ्याचा नेमाचा आकडा) वजा डीसीव्ही, 3 फाशांची बेरीज तेवढी किंवा कमी आली की वार लागला, प्लेअर स्वतःच लिहितो, तुझी वाट बघायला नको

मूळ प्रश्नकर्ता: मग सस्पेन्स गेला ना

उडता_बोका: डीसीव्ही दोन फटक्यांत कळतोच, स्टन (शून्यावर आला की बेशुद्ध) किती उरलाय ते लपव की!