प्लॉटचा फलक आधी, नोटीस मागाहून: बागायत विभागातील जमिनीच्या रूपांतरावर हरकत कोठे आणि कशी घ्यावी?

कुळागरकर, डिचोली तालुका

नमस्कार. आमच्या वाड्याच्या वरच्या अंगाला काजूची जुनी बाग आहे आणि तिचा उतार थेट आमच्या व शेजारच्या तीन घरांच्या कुळागरांकडे, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या सुपारी-नारळाच्या बागांकडे, उतरतो. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या गोव्याच्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ही जमीन बागायत, म्हणजे ऑर्चर्ड विभागात दाखवलेली आहे. यंदा पावसाच्या तोंडावर काही माणसे येऊन बागेत चुन्याच्या रेषा मारून गेली आणि आठवड्याभरात तिठ्यावर, बसथांब्याला अगदी लागून, प्लॉट विक्रीचा मोठा फलक उभा राहिला. फलकाची खालची कड बसचालकाच्या डोळ्यांच्या पातळीत येते, त्यामुळे देवळाकडून उतरणारी दुचाकी तिठ्यावर येईपर्यंत त्याला दिसत नाही. फलकाची एक बाजू फणसाच्या झाडाला तारेने आवळली आहे. ती तार आता सालीत रुतली असून तेथून चीक ओघळू लागला आहे.

हे सर्व झाल्यानंतर चार दिवसांपूर्वी कळले की त्याच सर्वे क्रमांकासाठी नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली नोटीस निघाली आहे आणि जमीन ऑर्चर्डमधून सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या विभागात, नेण्याच्या प्रस्तावावर ३० दिवसांत सूचना मागवल्या आहेत. आमची पुढची सर्वसाधारण ग्रामसभा ऑक्टोबरमध्ये आहे, म्हणजे मुदत टळून गेल्यावर.

माझा घरे बांधण्याला विरोध नाही. गावातील तरुणांना जागा हवी आहे, हे मीही जाणतो. परंतु त्या बागेच्या पायथ्याशी एक झर आहे, तिच्या पाटावर चार कुळागरे उभी आहेत, आणि वर डोंगर कापला गेला तर ती झर टिकेल असे मला वाटत नाही. ग्रामसभेचा ठराव झाल्यास हे रूपांतर थांबते का? फलक लागला याचा अर्थ प्लॉट पाडण्याचा आराखडा मंजूर झाला असा घ्यावा का? आणि फलक काढण्याचा अधिकार कोणाचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सत्तरीचा वाचक

सर्वप्रथम नोटिशीची तारीख पाहावी आणि ३० दिवस त्या तारखेपासून मोजावेत, आपल्याला कळल्याच्या तारखेपासून नव्हे. हरकत लेखी द्यावी व आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. मराठीत लिहिण्यास संकोच करू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने शासकीय कामकाजात मराठीच्या वापराला मान्यता दिलेली आहे.

आरेखक, फोंडा

मी आयुष्यभर जमिनीची मोजणी करण्याचे व विभाजनाचे आराखडे काढण्याचे काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गावकऱ्यांना जे आधी दिसते ते कायद्यात सर्वांत शेवटी येते, आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. गावाला आधी फलक दिसतो, मग रेषा, मग जेसीबी आणि शेवटी कधीतरी नोटीस. कायद्याचा क्रम याच्या अगदी उलट आहे. आधी जमिनीचा विभाग ठरतो आणि तो ठरवण्याचे काम पंचायतीचे नाही. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली ते मुख्य नगर नियोजक, नियोजन मंडळ आणि सरकार यांच्याकडे आहे. विभाग सेटलमेंट झाल्यावर १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली बिगरशेती वापराची सनद घ्यावी लागते. विभाजनाचा आराखडा नियोजन खात्याकडे तपासला जातो तो निराळाच: आधी तात्पुरती मंजुरी मिळते, अर्जदाराने रस्ते, गटारे इत्यादी कामे पूर्ण केल्यावर अंतिम मंजुरी मिळते, आणि पंचायतीचा परवाना त्याला जोडून येतो. खुली जागा आणि रस्त्यांची रुंदी २०१० च्या जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावलीप्रमाणे ठेवावी लागते. एवढे सर्व पार पडल्यावर प्लॉट विकायचे असतात. विभाजित भूखंडाचा दस्त नोंदवतानाही नगर नियोजन कायद्याच्या कलम ४९(६) प्रमाणे ना हरकत दाखला लागतो.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की फलक हा कशाच्याही मंजुरीचा पुरावा नव्हे. जमीन आजही ऑर्चर्डमध्ये असेल, तर तेथे निवासी प्लॉटचा आराखडा मंजूर असू शकत नाही. मारलेल्या रेषा म्हणजे केवळ चुना आहे.

पहिल्या प्रश्नाबाबत: ग्रामसभेचा ठराव रूपांतराला कायद्याने आपोआप रोखत नाही, पण नोंदीवर त्याचे वजन असते. त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबू नये. खास ग्रामसभा बोलवावी अशी लेखी मागणी सरपंचांकडे आजच करावी आणि ती होवो वा न होवो, वैयक्तिक हरकती मुदतीत पाठवाव्यात.

आता हरकतीत काय लिहावे. 'गावाचे गावपण नष्ट होईल' हे वाक्य खरे असते, आपल्या सर्वांच्या मनातले असते, परंतु फाइल वाचणाऱ्याला त्यावर काही करता येत नाही. त्याला जागेवर जाऊन तपासता येईल असे लिहावे. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून अधिक चढाच्या जमिनीवर बांधकाम वर्ज्य ठेवले आहे. २५ टक्के म्हणजे चार मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ. गवंडी पाणसळ पाहण्यासाठी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि मोजपट्टी एवढ्यावर हा चढ घरच्या घरी मोजता येतो. बागेच्या हद्दीलगत सार्वजनिक वाटेवर उभे राहून मोजावे, कोणाच्या जमिनीत शिरू नये. तीन-चार ठिकाणी मोजून आकडे एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावरील सर्वे क्रमांकासह लिहावेत. झर कोठे आहे, तिचा पाट कोणत्या सर्वे क्रमांकांतून जातो आणि त्यावर किती कुळागरे भिजतात, हे सर्वे आराखड्याच्या प्रतीवर पेन्सिलीने दाखवावे. तसेच तेथवर जाणारा रस्ता खरोखर किती रुंद आहे, हेही फितीने मोजून लिहावे, कारण प्लॉट पाडल्यावर पाण्याचे टँकर आणि कचऱ्याची गाडी त्याच वाटेने जाणार असते.

डोंगर कापण्याविषयी एक स्वतंत्र मुद्दा आहे. विभाग काहीही असो, नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे डोंगराळ जमीन कापण्यास व सखल जमीन भरण्यास मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी लागते. बागेत यंत्र दिसले तर त्याच दिवशी या कलमाचा उल्लेख करून तक्रार द्यावी. काजू, फणस किंवा जांभूळ तोडले जात असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार करावी. दोन्ही एकाच कागदावर लिहू नयेत, नाहीतर एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते.

माजी पंच, पेडणे

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझा अनुभव तेवढा सांगते, कारण आमची चूक आपल्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका टेकडीच्या रूपांतराला हरकत घेताना आम्ही एकच मसुदा झेरॉक्स करून वाटला. घरोघर फिरून सह्या जमवल्या, आजारी माणसांच्या खाटेपर्यंत गेलो. मजकूर सर्वत्र सारखाच होता. पुढे संबंधित कार्यालयात चौकशी केली तेव्हा समजले की ते सर्व कागद मिळून एकच हरकत धरली गेली होती आणि तीत जागेचा सर्वे क्रमांकही चुकलेला होता. टेकडीच्या खालच्या बाजूला राहणारी एक वयस्क बाई मात्र आम्हाला न विचारता स्वतःच्या हाताने पानभर लिहून देऊन आली होती, की दर पावसाळ्यात तिच्या घराच्या मागच्या गडग्यातून, म्हणजे दगडी बांधातून, लाल पाणी येते आणि कोणत्या वर्षी तो गडगा कोसळला. जागेची पाहणी झाली ती तिच्या त्या एका कागदावरून. तेव्हापासून मी सर्वांना सांगते की ज्याची विहीर आहे त्याने विहिरीविषयी लिहावे, ज्याची गुरे त्या वाटेने जातात त्याने वाटेविषयी लिहावे.

माहिती अधिकाराचा अर्ज करावा असा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो करावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नये. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि हरकतीची मुदतही ३० दिवसांचीच आहे. त्याऐवजी पणजीला पाटो भागातील नगर नियोजन खात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन प्रस्तावाचे नकाशे पाहण्याची लेखी विनंती करावी.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. २००६ मध्ये अधिसूचित झालेला 'प्रादेशिक आराखडा २०११' जनतेच्या आंदोलनानंतर मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा आराखडा २०२१ तयार करणाऱ्या कृतिदलाचे उपाध्यक्ष चार्ल्स कोरिया होते आणि त्याचे मसुदा-नकाशे गावोगावच्या पंचायतींत आले होते. आम्ही रविवार-रविवार नकाशा हातात घेऊन गाव पायी फिरलो, झरी, तळी, देवराया एकेक करून दाखवल्या. तो आराखडा निर्दोष होता असे मी म्हणणार नाही, पण त्यात गावाच्या पावलांचा हिशेब होता. आता एकेका सर्वे क्रमांकाचा विभाग एकेका अर्जावर बदलू लागला की त्या फिरण्याला काय अर्थ उरतो? १३ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालील, म्हणजे प्रादेशिक आराखड्यातील चुका दुरुस्त करण्याविषयीचे, नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली, हे आपण वाचले असेलच. मात्र ३९अ हे वेगळे कलम आहे, त्यामुळे तो निकाल आहे म्हणून आपली हरकत द्यायचे टाळू नये.

वकिली करणारा, म्हापसा

फलकाविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. येथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत: फलक उभा करण्याची जागा आणि फलकावरचा मजकूर.

जागेबाबत पंचायत सचिवांकडे लेखी विचारणा करावी की या फलकाला पंचायतीने परवानगी दिली आहे काय, दिली असल्यास ठरावाची तारीख कोणती. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्या खात्याच्या स्थानिक अभियंत्यालाही तेच पत्र द्यावे आणि वळणावर दृष्टी अडते, हे बसचालकाच्या उंचीवरून काढलेल्या छायाचित्रासह दाखवावे. झाडाला आवळलेल्या तारेचे जवळून घेतलेले छायाचित्रही जोडावे.

मजकूर हा अधिक गंभीर भाग आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या (रेरा) कलम ३ प्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवर प्लॉट पाडून विकण्याचा प्रकल्प रेरा प्राधिकरणाकडे नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणी झालेली असेल तर कलम ११ प्रमाणे जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता व नोंदणी क्रमांक ठळकपणे द्यावा लागतो. विनानोंदणी जाहिरातीला कलम ५९ खाली प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण फलकाजवळ जाऊन हा क्रमांक आहे की नाही एवढे पाहावे. नसल्यास गोवा रेराकडे छायाचित्रासह तक्रार द्यावी. फलक गावकऱ्यांनी स्वतः उतरवू नये. रागाच्या भरात कोणी तो फाडला तर उद्या तक्रारदार ते आणि आरोपी आपण, अशी पाळी येईल.

शिवाय ही जमीन कुळाची होती काय, हेही उताऱ्याच्या जुन्या नोंदींत पाहावे. कूळ कायद्याखाली कुळाकडे आलेल्या जमिनीचा बिगरशेती वापर १९९१ च्या भूवापर नियमन कायद्याने रोखलेला आहे. नोंद तशी निघाली तर आपल्या हरकतीला निराळेच बळ येईल.

कुळागरकर, डिचोली तालुका

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी पाऊस उघडल्यावर तिठ्यावर जाऊन फलक नीट वाचला. चित्रे आहेत, दोन दूरध्वनी क्रमांक आहेत, 'क्लिअर टायटल' असे मोठ्या अक्षरांत आहे. नोंदणी क्रमांक कोठेही नाही. छायाचित्रे काढून ठेवली आहेत. खास ग्रामसभेच्या मागणीचे पत्र दुपारी पंचायतीत देऊन शिक्का घेतला.

दुपारनंतर शेजारच्या गवंड्याकडून नळी आणून त्याला सोबत घेऊन बागेच्या गडग्याकडेने चढ मोजला. चार मीटरला पहिल्या ठिकाणी एक मीटर दहा सेंटिमीटर, दुसऱ्या ठिकाणी एक मीटर पस्तीस, तिसऱ्या ठिकाणी मात्र सत्तरच आला. हे तिसरे ठिकाण वगळावे काय, असा मोह क्षणभर झाला.

आरेखक, फोंडा

वगळू नये. तिन्ही आकडे द्यावेत आणि प्रत्येकाचे ठिकाण नकाशावर दाखवावे. पाहणीला येणारा माणूस नेमका त्या सपाट जागी उभा राहिला आणि ती आपल्या कागदावर नसली, तर उरलेल्या दोन आकड्यांवरही तो विश्वास ठेवणार नाही. झरीपासून सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, तेवढे मात्र ठळक लिहावे. पुढच्या रविवारी मी त्या बाजूला येणार आहे. सर्वे आराखड्याची प्रत तोवर मिळाली असेल तर त्यावर पाट आखून देईन.